बुडबुडे मोजणारा डॉक्टर

अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात, प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात, त्याला दोन-तीन ओळी मिळतात. प्रीस्टलीची पुदिन्याची गोष्ट सगळ्यांना आठवते, कारण तिच्यात मेणबत्ती आहे, उंदीर आहे. तिच्या खालीच येणारा यान इंगेनहाउस मात्र परीक्षा संपली की डोक्यातून जातो. माझ्याही गेला होता. पुढे कॉलेजच्या प्रॅक्टिकलला तळ्याचं पाणी दोन बाटल्यांत भरून, एक तशीच आणि दुसरी काळ्या कागदात गुंडाळून, दोरीने पाण्यात सोडली तेव्हा सरांनी पुन्हा त्याचं नाव घेतलं. म्हणून हा लेख.

इंगेनहाउसचा जन्म ८ डिसेंबर १७३० रोजी नेदरलँड्समधल्या ब्रेडा गावी झाला. वडिलांचा कातड्याचा व्यापार आणि जोडीला औषधांचं दुकान. घराणं कॅथलिक, राज्य प्रोटेस्टंटांचं. त्यामुळे मुलाला वैद्यकी शिकायला लूव्हाँच्या कॅथलिक विद्यापीठात पाठवलं. शिकून तो गावी परतला आणि चांगला जम बसवला. त्याच्या लहानपणी ब्रेडाजवळ इंग्रज फौजेचा तळ होता. त्या फौजेतला डॉक्टर जॉन प्रिंगल याचं इंगेनहाउसांकडे येणं-जाणं असे. १७६४ मध्ये वडील वारले, आणि पुढे यान प्रिंगलच्या ओळखीने इंग्लंडला गेला.

तिथे तो देवी टोचायला शिकला. जेनरची लस तेव्हा यायची होती. देवी आलेल्या माणसाच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीत टोचायचा, म्हणजे सौम्य देवी येऊन माणूस पुढच्या धोक्यातून सुटतो, अशी ती पद्धत. क्वचित टोचलेला माणूस दगावायचाही. १७६७ मध्ये ऑस्ट्रियाच्या राजघराण्यात देवींनी थैमान घातलं. सम्राज्ञी मारिया तेरेसाची सून गेली, मुलगी गेली, ती स्वतः मरता मरता वाचली. तिने इंग्लंडच्या राजाकडे टोचणारा डॉक्टर मागितला, आणि प्रिंगलने इंगेनहाउसचं नाव सुचवलं. १७६८ मध्ये व्हिएन्नात त्याने आधी गरिबांच्या मुलांना टोचलं आणि मग राजपुत्रांना. हा क्रम आज वाचताना खटकतो, पण त्या काळी कुणाला खटकल्याचं दिसत नाही. राजपुत्र सुखरूप राहिले. इंगेनहाउसला राजवैद्याचं पद आणि वर्षाला ५००० गुल्डनचं तहहयात वेतन मिळालं. पुढे १७७५ मध्ये त्याने वनस्पतिशास्त्रज्ञ याकँ याच्या बहिणीशी, आगाथा मारियाशी लग्न केलं.

पोटाची चिंता मिटलेला माणूस आरामात लोळला असता. हा विजेची यंत्रं बनवत बसे, बेंजामिन फ्रँकलिनला लांबलचक पत्रं लिही.

प्रीस्टलीने पुदिन्याच्या रोपाने बिघडलेली हवा सुधारते असं दाखवलं होतं. १७७३ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला पदक दिलं, तेव्हा अध्यक्ष प्रिंगलने भाषणात झाडांच्या या गुणाची वाखाणणी केली. इंगेनहाउसच्या मनात ते घर करून राहिलं. पण एक पंचाईत होती. कधी झाड हवा सुधारत असे, कधी उलट आणखी बिघडवत असे. स्वीडनच्या शेलेला तर झाडं हवा बिघडवतानाच दिसली. प्रीस्टलीचेही पुढचे प्रयोग एकसारखे येईनात.

१७७९ चा उन्हाळा इंगेनहाउसने लंडनजवळ एका भाड्याच्या घरात काढला. तीन महिन्यांच्या आत ५०० हून जास्त प्रयोग केले! युक्ती अगदी साधी. पानं पाण्यात बुडवायची, वर पाण्याने भरलेलं काचेचं भांडं उपडं धरायचं आणि उन्हात ठेवायचं. पानांवर बारीक बुडबुडे धरतात, सुटून वर जातात आणि भांड्याच्या बुडाशी हवा साचते. हे बुडबुडे जिनिव्हाच्या बोनेने आधी पाहिले होते. पण ती पाण्यातलीच हवा उन्हाने बाहेर पडते अशी त्याची समजूत होती. इंगेनहाउसने काय केलं? भांडं अंधारात ठेवून शेकोटीने ऊब दिली. बुडबुडे नाहीत. उन्हात आणलं की आले. म्हणजे काम करतो तो सूर्याचा उजेड, त्याची ऊब नव्हे. शिवाय हे काम फक्त हिरव्या भागांचं. मुळं, फुलं, फळं दिवसाही हवा बिघडवतात. गोळा केलेल्या हवेत विझत आलेली काडी भडकून पेटे. तो ऑक्सिजन होता, फक्त ते नाव अजून रूढ झालं नव्हतं.

बहुतेक पुस्तकं इथे थांबतात. त्याचं खरं मोठेपण मला पुढच्या अर्ध्या भागात दिसतं. त्याने तीच पानं रात्री अंधारात ठेवली आणि त्या हवेचीही तपासणी केली. रात्री पान हवा बिघडवतं, पण दिवसाच्या कमाईपुढे रात्रीचा खर्च अगदी थोडा, असा जमाखर्च त्याने मांडला. प्रीस्टलीचे प्रयोग कधी जमत, कधी फसत, त्याचं कारणही त्यातच होतं. कुठलं भांडं कधी उजेडात होतं, हे कुणी बघितलंच नव्हतं. रात्री झाडाखाली झोपू नये असं आपल्या घरात आजी सांगते. इंगेनहाउस आजीच्याही पुढे गेला आणि खोलीतल्या कुंड्या रात्री बाहेर ठेवा म्हणून सांगू लागला. इथे त्याने जरा अतीच केलं.

हा जमाखर्च पाण्यात फार महत्त्वाचा ठरतो. कारण पाण्यात ऑक्सिजन मुळातच थोडा विरघळतो. २५ अंश सेल्सिअसला लिटरभर गोड्या पाण्यात जेमतेम ८ मिलीग्रॅम. तेवढ्याच हवेत त्याच्या तीसपटीहून जास्त. ज्या तळ्यात सांडपाणी येऊन हिरवंगार शेवाळ माजलंय, तिथे दुपारी ऑक्सिजन भरपूर असतो. रात्रभर तेच शेवाळ, मासे आणि गाळातले जिवाणू मिळून तो खर्च करतात. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकतात आणि सकाळी कधी कधी मेलेले तरंगताना दिसतात. दुपारी नमुना घेणाऱ्याला पाणी ठणठणीत वाटतं.

आमच्या दोन बाटल्या म्हणजे हाच हिशेब. समजा सुरुवातीला ऑक्सिजन लिटरला ६ मिलीग्रॅम होता. संध्याकाळी उजेडातल्या बाटलीत ८ झाला, काळ्या बाटलीत ५ उरला. शिल्लक २, खर्च १. म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींनी एकूण कमावले ३. यालाच प्राथमिक उत्पादकता म्हणतात. तळ्यातल्या माशापासून बगळ्यापर्यंत बहुतेकांचं पोट या आकड्यावर. विरघळलेला ऑक्सिजन मोजायची रीत १८८८ मध्ये हंगेरीच्या विंक्लरने दिली, आणि दोन बाटल्यांची पद्धत १९२७ मध्ये नॉर्वेच्या गार्डर आणि ग्रान यांनी ऑस्लोच्या खाडीत वापरून मांडली. पण एक भांडं उजेडात, एक अंधारात, ही मूळ जोडी इंगेनहाउसचीच.

त्याच वर्षी पुस्तक निघालं आणि कटकटी सुरू झाल्या. प्रीस्टलीलाही त्याच सुमारास पाण्याच्या बरण्यांत धरलेल्या हिरव्या थरातून उन्हात शुद्ध हवा निघताना दिसली होती. तो थर वनस्पती आहे की नाही, हेच त्याला आधी ठरवता येईना. तरी उजेडाचा शोध आपलाही, असं त्याचं म्हणणं पडलं. जिनिव्हाच्या सेनेबियेला रात्रीचा भाग पटेना. मात्र पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असेल तरच पानं ऑक्सिजन देतात, हे सेनेबियेने दाखवलं, आणि ते खरं होतं. इंगेनहाउस या वादांनी कष्टी झाला. चुकाही त्याच्या हातून झाल्या: म्हातारपणी जेनरच्या लशीवर त्याने शंका घेतली, आणि तिथे जेनर बरोबर होता.

१७८८ मध्ये तो व्हिएन्नाहून प्रवासाला निघाला. १७८९ च्या जुलैत पॅरिसमध्ये असतानाच क्रांती पेटली. तिथून नेदरलँड्स, मग इंग्लंड. युरोपभर युद्ध सुरू झालं आणि परत जाणं राहूनच गेलं. बायकोची पुन्हा भेट झाली नाही.

शेवटी तो लॉर्ड लॅन्सडाउनच्या बोवुड हाउसमध्ये पाहुणा म्हणून राहिला होता. १ ऑगस्ट १७७४ रोजी प्रीस्टलीने भिंगाने पाऱ्याचं तांबडं भस्म तापवून पहिल्यांदा ऑक्सिजन काढला, तो याच वाड्यात. तिथेच ७ सप्टेंबर १७९९ रोजी इंगेनहाउस वारला. जवळच्या काल्न गावी त्याला पुरलं. प्रीस्टली तोवर देश सोडून अमेरिकेत गेला होता. आगाथा मारिया पुढच्या वर्षी व्हिएन्नात गेली.