परक्यांचा वकील : फिओरेल्लो ला गार्डिया

उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफ व त्याचे भाऊ मिसर देशात समोरासमोर येतात, तेव्हा त्यांच्यामध्ये एक दुभाषी उभा असतो. त्याचे नाव शास्त्राने नोंदविलेले नाही. एकाचे बोलणे दुसऱ्यापर्यंत पोहोचविणाऱ्याच्या वाट्याला बहुधा हेच अनामिकपण येते. अमेरिकेत मात्र असा एक दुभाषी होऊन गेला, की जो पुढे वकील झाला, लोकप्रतिनिधी झाला, बारा वर्षे न्यूयॉर्कचा महापौर होता आणि ज्याचे नाव त्या शहरातील एका विमानतळाला दिलेले आहे. ते म्हणजे फिओरेल्लो ला गार्डिया. इटालियन भाषेत फिओरेल्लो म्हणजे लहानसे फूल. ठेंगण्या बांध्याच्या आणि चढ्या आवाजाच्या या गृहस्थांना न्यूयॉर्कचे लोक कौतुकाने याच अर्थाच्या टोपणनावाने ओळखत. पदे अनेक लाभली, तरी त्यांच्या सेवेचे मूळ दुभाष्याच्या त्या पहिल्या कामातच सापडते.

फिओरेल्लो यांचा जन्म ११ डिसेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील आकिले हे दक्षिण इटलीतील चेरिन्योला गावचे. ते उत्तम वादक होते व अमेरिकी लष्करात बँडप्रमुख झाले. आई आयरीन ही ट्रिएस्ते शहरातील यहूदी घराण्यातील होती. मुलांचे संगोपन एपिस्कोपल मंडळीत झाले आणि फिओरेल्लो अखेरपर्यंत त्याच मंडळीचे सभासद राहिले.

वडिलांच्या बदल्यांमुळे त्यांचे बालपण अ‍ॅरिझोना प्रांतातील प्रेस्कॉट या गावी गेले. एके दिवशी तेथे हाताने फिरवायची वाद्यपेटी व माकड घेऊन एक गरीब इटालियन खेळकरी आला. त्याला पाहताच गावातील पोरांनी फिओरेल्लोला चिडविले, त्याच्या जातकुळीचा उद्धार केला. वडिलांनी मात्र त्या खेळकऱ्याशी मायबोलीत गप्पा मारल्या व त्याला घरी जेवायला बोलावले. मुलाच्या मनात मात्र ती बोचणी कायम राहिली. पुढे महापौर झाल्यावर त्यांनी अशा वाद्यपेटीवाल्यांना शहराच्या रस्त्यांवर बंदी केली. आपल्या समाजाची ओळख भीक मागणाऱ्या माणसावरून ठरावी, हे त्यांना सहन होत नव्हते. वडिलांचा आतिथ्यभाव आणि मुलाचा दुखावलेला स्वाभिमान या दोन्ही गोष्टी त्यांच्या स्वभावात शेवटपर्यंत एकत्र नांदल्या.

१८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धाच्या काळात लष्कराला पुरविलेले निकृष्ट मांस खाऊन वडील आजारी पडले. त्यांना नोकरी सोडावी लागली व १९०४ मध्ये ते निवर्तले. कुटुंब आईच्या माहेरी युरोपात गेले होते. तेथे तरुण फिओरेल्लो यांना बुडापेस्ट येथील अमेरिकी दूतावासात कारकुनाची नोकरी मिळाली. पुढे फ्यूमे बंदरात, म्हणजे आजच्या क्रोएशियातील रियेका येथे, ते दूतावासाचे प्रतिनिधी झाले. येथून हजारो गरीब स्थलांतरित अमेरिकेस जात. समुद्रापलीकडे पोहोचल्यावर वैद्यकीय तपासणीत जे नापास होत, त्यांना त्याच मार्गाने परत पाठविण्यात येई. घरदार विकून निघालेल्या माणसाच्या दृष्टीने ही आपत्तीच होती. म्हणून जहाजावर चढण्यापूर्वीच प्रत्येकाची तपासणी झाली पाहिजे, असा आग्रह फिओरेल्लो यांनी धरला. जहाज कंपनीने कुरकूर केली, पण ते हटले नाहीत. एकदा ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातील एका स्त्रीला प्रवासी जहाजावर चढतानाचा देखावा पाहण्याची हौस झाली. त्यासाठी ठरल्या वेळेच्या आधीच लोकांना जहाजावर कोंडण्याचा घाट घातला गेला. विशीतील या प्रतिनिधीने त्यास साफ नकार दिला. राजस्त्रीच्या मनोरंजनासाठी गरिबांचे हाल होऊ देणे त्यांच्या नियमात बसत नव्हते.

१९०६ मध्ये ते अमेरिकेस परतले आणि १९०७ च्या अखेरीस न्यूयॉर्कजवळील एलिस बेटावर दुभाषी म्हणून रुजू झाले. त्या एकाच वर्षी दहा लाखांहून अधिक स्थलांतरित या बेटावरून अमेरिकेत आले. फिओरेल्लो यांना इटालियन, क्रोएशियन व जर्मन या भाषा अवगत होत्या. कामाच्या ओघात कायद्याची एक विचित्र कात्री त्यांच्या ध्यानी आली. येथे मला काम ठरलेले आहे, असे सांगणाऱ्यास मजूर-कराराच्या कायद्याखाली परत धाडीत. काम ठरलेले नाही, असे सांगणारा सरकारवर भार होईल, असा संशय घेत. अशा वेळी दुभाष्याच्या तोंडून एक शब्द चुकीचा गेला, तर एका कुटुंबाची ताटातूट होई.

उत्तर इटलीतील डोंगराळ मुलखातून आलेल्या एका किशोरवयीन मुलीची गोष्ट त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केली आहे. तिची बोली कोणालाच धड समजत नव्हती. प्रश्न न कळल्यामुळे ती उत्तर देताना अडखळली, आणि मानसिक तपासणीसाठी तिची रवानगी रुग्णालयात झाली. घराबाहेर परपुरुषाशी एकटीने कधी न बोललेल्या त्या मुलीच्या गुडघ्यावर डॉक्टर ठोकू लागला, पाठीवर हात लावू लागला, तेव्हा ती भयाने बिथरली. आली तेव्हा ती पूर्ण शहाणी होती. दोन आठवड्यांत तिची बुद्धी भ्रमिष्ट झाली. मनोरुग्ण ठरवून परत पाठविलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांवर अन्याय झाला, असे ला गार्डिया यांचे मत होते. दोष वेडाचा नव्हता, एकमेकांचे न समजण्याचा होता.

दिवसा बेटावर दुभाषीपण व रात्री न्यूयॉर्क विद्यापीठात कायद्याचा अभ्यास, असा क्रम चालवून १९१० मध्ये त्यांनी पदवी मिळविली. काही काळ त्यांनी रात्र-न्यायालयातही दुभाष्याचे काम केले. गरिबांना न्याय किती महाग पडतो, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले. वकिली सुरू केल्यावर त्यांच्याकडे येणारे पक्षकार बहुधा स्थलांतरितच असत, आणि फी न घेता चालविलेले खटले थोडे नव्हते. १९१२-१३ च्या हिवाळ्यात कपडे शिवणाऱ्या कामगारांनी मोठा संप केला, तेव्हा ते त्यांचे वकील झाले व इटालियन शिंप्यांच्या सभांत त्यांच्याच भाषेत बोलले.

१९१६ मध्ये अवघ्या ३५७ मतांच्या फरकाने ते अमेरिकी प्रतिनिधिगृहावर निवडून आले. पहिल्या महायुद्धात त्यांनी स्वतः वैमानिक म्हणून नाव नोंदविले. योगायोग असा, की त्यांचे ठाणे वडिलांच्या जन्मगावाजवळील फोज्जा येथे होते. युद्धाने खचलेल्या इटलीत गावोगावी इटालियन भाषेत भाषणे करून त्यांनी लोकांना धीर दिला.

युद्धानंतर त्यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. ट्रिएस्तेच्या थेआ आल्मेरिगोत्ती यांच्याशी १९१९ मध्ये त्यांचा विवाह झाला होता. १९२१ च्या मे महिन्यात त्यांची तान्ही मुलगी दगावली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पत्नीही क्षयाने गेली. पुढे १९२९ मध्ये त्यांनी आपल्या चिटणीस मेरी फिशर यांच्याशी विवाह केला व दोन मुले दत्तक घेतली.

१९२२ च्या निवडणुकीत प्रतिपक्षाने त्यांना यहूदीद्वेष्टा ठरविणारी पत्रके वाटली. माझी आई यहूदी होती, एवढे सांगून त्यांना सुटता आले असते. पण आईच्या नावावर मते मागणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. त्यांनी प्रतिस्पर्ध्याला यिडिश भाषेत जाहीर वादविवादाचे आव्हान दिले. तो प्रतिस्पर्धी स्वतः यहूदी असूनही पुढे आला नाही. १९२४ मध्ये स्थलांतरितांची संख्या देशवार ठरविणारा कायदा आला. त्याने इटलीचा वाटा वर्षाला चार हजारांहून कमी केला. ला गार्डिया यांनी त्याविरुद्ध प्रखर विरोध नोंदविला. कायदा संमत झालाच. मात्र १९३२ मध्ये सिनेटर नॉरिस यांच्यासह त्यांनी आणलेला कायदा यशस्वी ठरला. संघटनेत सामील न होण्याची अट कामगारांवर लादणारे करार त्यामुळे न्यायालयात निरर्थक ठरले.

१ जानेवारी १९३४ रोजी ते न्यूयॉर्कचे महापौर झाले. मंदीचे दिवस होते. गलिच्छ चाळींच्या जागी गरिबांसाठी सरकारी घरे बांधण्यास त्यांच्या कारकिर्दीत आरंभ झाला. जुगाराची यंत्रे त्यांनी स्वतः हातोडा घेऊन फोडली. स्वकीयांतील गुंडांनाही त्यांनी मोकळे सोडले नाही. इटालियन कुटुंबांच्या आवडीची आर्टिचोक ही भाजी एका गुंडटोळीने आपल्या मक्त्यात ठेवली होती. १९३५ च्या डिसेंबरात भल्या पहाटे बाजारात तुताऱ्या फुंकवून महापौरांनी त्या भाजीच्या विक्रीवरच बंदी जाहीर केली. मक्ता मोडताच तीन दिवसांत बंदी उठली. १९४५ च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रे पोहोचविणाऱ्यांनी संप केला, तेव्हा मुलांचा हिरमोड होऊ नये म्हणून महापौरांनी रेडिओवरून त्यांना चित्रकथा वाचून दाखविल्या.

परंतु चरित्र सांगताना उणी बाजूही सांगितली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे सव्वा लाख लोकांना अमेरिकेने छावण्यांत डांबले. १९४४ मध्ये त्यांच्यापैकी काहींना न्यूयॉर्कमध्ये वसविण्याचे ठरले, तेव्हा ला गार्डिया यांनी त्यास विरोध केला. वंशावरून हिणविले जाण्याचे दुःख भोगलेल्या माणसाने दुसऱ्या वंशाच्या परक्याला दार लावावे, ही त्यांच्या जीवनातील खेदाची गोष्ट होय. एलिस बेटावर ज्यांची भाषा त्यांना येत होती, त्यांचे दुःख त्यांना ऐकू आले. ज्यांची येत नव्हती, त्यांच्या बाबतीत भीती वरचढ ठरली.

त्यांची सर्वांत कठीण कसोटी महापौरपद सोडल्यानंतर लागली. १९४६ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संस्थेचे प्रमुख झाले. युद्धाने बेघर केलेल्या लाखो लोकांचा प्रश्न त्यांच्यासमोर होता, आणि त्या लाखोंमध्ये त्यांची सख्खी बहीण जेम्मा होती. हंगेरीतील यहूदी गृहस्थाशी विवाह करून ती बुडापेस्टला राहत असे. १९४४ मध्ये नाझींनी तिला पकडून राव्हेन्सब्रुक छावणीत टाकले. पती माउथहाउझेनच्या छावणीत मरण पावले. मुलगी व तान्हा नातूही राव्हेन्सब्रुकमध्येच होते, परंतु हे तिला ठाऊक नव्हते. सुटकेनंतर ती अमेरिकेस येण्यासाठी धडपडू लागली. परदेशीयाशी विवाह केल्यामुळे तिचे नागरिकत्व गेले होते. भावाचा एक शब्द पुरेसा झाला असता, असे कोणालाही वाटेल. फिओरेल्लो यांनी तिला पैसे पाठविले, पण रांग मोडू दिली नाही. तिच्यासारख्या स्थितीत असंख्य माणसे होती, आणि त्यांचा कोणी भाऊ त्या खुर्चीत बसलेला नव्हता. अखेर १९४७ च्या मे महिन्यात जेम्मा न्यूयॉर्कला पोहोचली. त्यानंतर चार महिन्यांनी, २० सप्टेंबर १९४७ रोजी, कर्करोगाने फिओरेल्लो यांचे निधन झाले. सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला. इतकी वर्षे सत्ता हाती असूनही त्यांनी मागे फारशी संपत्ती ठेवली नाही.

बहिणीच्या बाबतीत त्यांनी केले ते योग्य की कठोर, यावर वाचकांत मतभेद होतील. पण दुभाष्याचा धर्म त्यांनी तेथे पाळला, हे मान्य करावे लागेल. दोघांमध्ये उभा राहणारा स्वतःचे काही त्यात मिसळत नाही.

आपले मराठी बांधव आज इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा अनेक ठिकाणी परभाषिकांत राहतात आणि दोन-तीन भाषा सहज बोलतात. रुग्णालयाच्या खिडकीपाशी, न्यायालयाच्या आवारात, रेल्वे स्थानकावर एखादा दूरदेशीचा मजूर आपल्या बोलीत काही सांगत असतो व कोणाला ते उमजत नाही. त्याचे म्हणणे नीट ऐकून जसेच्या तसे पुढे पोहोचविण्यास वकिलीची सनद लागत नाही. ला गार्डिया यांच्या सेवेचा आरंभही तेवढ्यावरच झाला होता.