ग्रिफिथचं डिझाइन

सिनेमाचा आणि इंजिनिअरिंगचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. पण डी. डब्ल्यू. ग्रिफिथ या अमेरिकन दिग्दर्शकाचं आयुष्य आपण सगळ्यांनी वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

त्याचा जन्म २२ जानेवारी १८७५ चा, केंटकी राज्यातला. वडील यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेच्या बाजूने लढलेले. डेव्हिड दहा वर्षांचा असताना ते वारले आणि घरात गरिबी आली. पुढे तो नाटकांत नट झाला, पण फारसं नाव झालं नाही. १९०८ साली बायोग्राफ कंपनीत दिग्दर्शक झाला आणि पाच वर्षांत त्याने साडेचारशेच्या आसपास छोटे मूकपट काढले! क्लोज-अप काही त्याने शोधला नव्हता, पण तो कुठे वापरायचा हे त्याला पक्कं कळलं होतं.

१९१५ साली टॉमस डिक्सनच्या 'द क्लॅन्समन' कादंबरीवर त्याने 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा सुमारे तीन तासांचा मूकपट काढला. त्यात कृष्णवर्णीय म्हणजे गुंड (मोठ्या भूमिका तोंडाला काळं फासलेल्या गोऱ्या नटांच्या!) आणि दहशत माजवणारी कू क्लक्स क्लॅन म्हणजे तारणहार. शेवटी वेढ्यात अडकलेली गोरी माणसं आणि घोडे दौडवत येणारे क्लॅनवाले आलटून पालटून दिसतात. सगळं माहीत असूनही पाहताना माझी धडधड वाढली. खरी मेख इथेच आहे. तंत्र इतकं चोख, की खोटंसुद्धा खरं वाटावं.

एनएएसीपी या संघटनेने जोरदार विरोध केला, काही ठिकाणी बंदी आली, तरी गर्दी हटली नाही. संपलेली क्लॅन त्याच वर्षी जॉर्जियात पुन्हा उभी राहिली आणि पुढे सभासद जमवायला हाच सिनेमा वापरू लागली.

ग्रिफिथला मात्र अन्याय आपल्यावरच झाला असं वाटत राहिलं. १९१६ चा त्याचा प्रचंड खर्चाचा 'इन्टॉलरन्स' पडला. १९१९ मध्ये चॅप्लिन वगैरेंबरोबर त्याने युनायटेड आर्टिस्ट्स काढली. पण १९३१ नंतर त्याला स्वतःचा एकही सिनेमा करता आला नाही. २३ जुलै १९४८ रोजी तो वारला. १९९९ साली अमेरिकन दिग्दर्शकांच्या संघटनेने आपल्या सर्वोच्च पुरस्कारावरून त्याचं नाव काढलं.

डिझाइन चाललं की आपल्याला मार्क मिळतात. ग्रिफिथचं तर उत्तम चाललं. ते कोणाच्या जिवावर, हा प्रश्न पेपरात येत नाही. तो आपला आपणच सोडवायचा.