बाबासाहेबांची अपुरी पाने आणि आपण

भिवंडीत आम्ही तरुण एकत्र बसलो की बेत पुष्कळ होतात. वाचनवर्ग सुरू करू, यंत्रमाग कामगारांच्या मुलांसाठी अभ्यासिका काढू, भित्तिपत्रक चालवू. मग कोणीतरी म्हणते, आधी नीट तयारी होऊ द्या. ती तयारी कधीच होत नाही. अशा वेळी आम्हाला बाबासाहेबांचे आयुष्य पुन्हा तपासावेसे वाटते.

आपण त्यांना पदव्यांच्या यादीतून ओळखतो. पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनमधील शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईत प्राध्यापकी करून पैसे जमवले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. निष्कर्ष न बदलता त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली.

चळवळीतही हेच दिसते. १९२० चे ‘मूकनायक’ बंद पडले, तरी १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले. तेही थांबले, तेव्हा ‘जनता’ आले आणि १९५६ मध्ये त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे त्या बिलातील बराच भाग वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने मंजूर झाला.

शेवटची काही वर्षे मधुमेहाने शरीर थकलेले असतानाही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे काम चालू होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत त्यांनी याच ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद जवळ मागून घेतले. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ मध्ये निघाला. छापील प्रत त्यांना पाहता आली नाही.

मागे हस्तलिखितांचा मोठा साठा राहिला. प्राचीन भारतातील क्रांती-प्रतिक्रांतीवरील ग्रंथाची काही प्रकरणे तर अपुरीच होती. वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंड काढले. ती अपुरी प्रकरणे १९८७ मध्ये तिसऱ्या खंडात जशी होती तशी छापली गेली. ती वाचूनच किती अभ्यासक आणि कार्यकर्ते घडले!

याचा अर्थ काम ढिसाळ करावे असा नाही. प्रबंध पुन्हा लिहिणारा माणूस आपल्याला ते शिकवत नाही. पण परिपूर्णतेची वाट पाहत ते थांबलेही नाहीत. आपल्या मागावर सूत तुटते, कामगार गाठ मारतो आणि माग पुन्हा चालू होतो.

तर मित्रांनो, पाच पुस्तकांची का होईना, अभ्यासिका उघडूया. राहिलेले काम पुढचे हात करतील. बाबासाहेबांच्या अपुऱ्या पानांपुढचे काम आता आपल्याच हातात आहे.

जय भीम!