कर्व्यांची चाल आणि आपले गुडघे

जयगडच्या जेटीवरून फेरीबोटीने तवसाळला उतरावे, गुहागर मागे टाकून धोपाव्याला दुसरी फेरीबोट धरावी, की दाभोळला दापोली तालुका लागतो. याच किनाऱ्यावरच्या मुरूड गावात धोंडो केशव कर्वे वाढले. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी, शेरवलीला झाला. स्त्रीशिक्षणाचे त्यांचे कार्य सर्वांना ठाऊक आहे. पण गुडघे दुखू लागताच चालणे सोडून देणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजूही पाहावी. हा माणूस जन्मभर चालत राहिला.

शाळकरी वयात सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर मुरूडहून साताऱ्याला पायी गेले. अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर. पावसाचे दिवस आणि वाटेत सह्याद्रीचा चढ. परीक्षेसाठी सतरा वर्षे पूर्ण लागत. कर्व्यांची ती झाली होती, पण चणीने लहान दिसले म्हणून त्यांना बसू दिले नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्यांनी ती परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले.

एवढ्या चालण्याने गुडघे झिजत नाहीत का, असा प्रश्न कोणालाही पडेल. गुडघा हा यंत्राच्या बिजागरीसारखा नसतो. हाडांच्या टोकांवरील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टेकताना ती दाबली जाते, उचलताना मोकळी होते आणि त्या दाबसैलीत सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते. सांध्याचा भार पेलायला मांडीचे स्नायू मदत करतात. दुखते म्हणून माणूस बसून राहिला की हे स्नायू बारीक होतात, भार सांध्यावर येतो आणि दुखणे वाढते. मग पाखाडी चढवत नाही, बाजार बंद होतो, वजन वाढते. हे चक्र झिजेइतकेच माणसाला जायबंदी करते.

१८९१ मध्ये कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो प्लेगच्या काळात पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत हलवला. शहरापासून हे माळरान चार मैलांवर. कॉलेज आणि हिंगणे यांच्यातील चिखलाची वाट ते पायी तुडवत. घाई न करता, खंड न पाडता, वर्षानुवर्षे. स्नायू टिकतात ते अशा सातत्याने. एखाद्या रविवारी दहा किलोमीटर चालून उरलेला आठवडा बसण्याने नव्हे.

ज्यांचे गुडघे आधीच दुखतात त्यांनी मात्र चार मैलांपासून सुरुवात करू नये. आधी ताकद कमवावी. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबावी. असे दहा वेळा. उताणे झोपून एक पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा. उंच खुर्चीवरून शक्यतो हाताचा आधार न घेता सावकाश उठावे, बसावे. सोबत सपाट रस्त्यावर दहा मिनिटे चालावे आणि ती वेळ हळूहळू वाढवावी. व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेले असेल किंवा सूज आली तर प्रमाण कमी करावे, व्यायाम सोडू नये. सहा ते बारा आठवडे नेमाने केल्यावरच फरक पडला की नाही ते ठरवावे.

वजन जास्त असेल तर तेही उतरवावे. एक किलो वजन घटले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

कर्वे १९२९ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. १९३६ मध्ये, ७८ व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढून ते पुण्यात दारोदार वर्गणी मागत फिरले. १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. चालण्यामुळेच ते इतके जगले, असे म्हणता येणार नाही. एका माणसाच्या आयुष्यावरून औषधाचा नियम ठरत नाही. परंतु गुडघ्याच्या झिजेवर पहिला उपचार म्हणून आज जगभर व्यायाम आणि वजन घटवणे हेच सांगितले जाते.

शस्त्रक्रिया वाईट नाही. नेमाने व्यायाम आणि औषधे करूनही रात्रीची झोप मोडत असेल, घरातल्या घरात फिरणे कठीण झाले असेल, तर सांधा बदलल्याने मोठा आराम पडतो. आधी कमावलेली मांडीची ताकद शस्त्रक्रियेनंतर उभे राहायलाही उपयोगी पडते. मात्र गुडघा गरम होऊन सुजला व ताप आला, मार लागल्यावर पाय टेकवेना, किंवा गुडघा अडकून सरळ होईना, तर व्यायाम करत न बसता लगेच डॉक्टरांना दाखवावे.

९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षात, कर्वे निवर्तले. हिंगण्याच्या त्या माळरानावर, कर्वेनगरात, आज हजारो मुली शिकतात.