शिक्षकांचे आश्रयदाते संत जॉन बाप्तिस्त द ला साल

आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या पुस्तिकेंत एखाद्या संताचें चरित्र असावें, अशी चालकांनीं आम्हांस सूचना केली. कोणता संत निवडावा, ह्याचा आम्हांस फार विचार करावा लागला नाहीं. देवळाच्या शेजारीं शाळा, ही आपल्या लोकांची जुनी रीत आहे. आणि वेदीपुढें गुडघे टेकणाऱ्यांत मास्तर व शिक्षिका ह्यांची संख्या आपल्यांत नेहमींच मोठी राहिली आहे. म्हणून ज्या सत्पुरुषांनीं आपलें सर्व आयुष्य गरिबांच्या मुलांसाठीं व त्यांच्या शिक्षकांसाठीं वेंचलें, त्यांचीच ओळख वाचकांस करून द्यावी, असें आम्हीं ठरविलें.

फ्रान्स देशांतील रेंस ह्या शहरीं ता. ३० एप्रिल १६५१ रोजीं जॉन बाप्तिस्त ह्यांचा जन्म झाला. वडील न्यायखात्यांतील अधिकारी, घराणें सुखवस्तु, आणि जॉन बाप्तिस्त हे सर्वांत वडील अपत्य. वयाचीं सोळा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, १६६७ सालीं, त्यांना रेंसच्या महामंदिराच्या कॅनन-मंडळांत जागा मिळाली. हें पद मानाचें व चांगल्या उत्पन्नाचें असे. पुढें १६७० सालीं ते ईश्वरविद्येच्या अभ्यासासाठीं पॅरिस येथील सँ-सुल्पीसच्या सेमिनरींत गेले. परंतु १६७१ सालीं आई व १६७२ सालीं वडील देवाघरीं गेले, आणि एकवीस वर्षेंही पुरीं न झालेल्या ह्या तरुणावर धाकट्या भावंडांचा व सर्व मिळकतीचा भार पडला. सेमिनरी सोडून त्यांना घरीं परतावें लागलें. ज्यांच्या घरीं असा प्रसंग आला आहे त्यांना ठाऊक आहे, कीं अशा वेळीं सुटलेलें शिक्षण बहुधा कायमचेंच सुटतें. जॉन बाप्तिस्त ह्यांनीं तें सुटूं दिलें नाहीं. एका हातांत घरचा कारभार व दुसऱ्या हातांत पुस्तक, अशीं कित्येक वर्षें काढून १६७८ सालीं त्यांनीं गुरुदीक्षा घेतली आणि १६८० सालीं ईश्वरविद्येंतील डॉक्टर ही पदवी मिळविली.

तोंपर्यंत शाळा काढण्याचा विचार त्यांच्या मनांत आलाही नव्हता. १६७९ सालीं आद्रियँ नियेल नांवाचे गृहस्थ गरीब मुलांसाठीं मोफत शाळा उघडण्याच्या हेतूनें रेंस येथें आले. त्यांना थोडीबहुत मदत केली म्हणजे आपलें काम संपलें, अशी जॉन बाप्तिस्त ह्यांची समजूत होती. पण नियेल हे शाळा काढण्यांत जेवढे तत्पर, तेवढे त्या चालविण्यांत नव्हते. एक शाळा उभी राहते न राहते तोंच ते दुसरीच्या उद्योगाला लागत. मागें राहिलेल्या मास्तरांना ना शिकविण्याची रीत ठाऊक, ना राहणीची शिस्त. त्या काळीं मास्तरकीला मानही नव्हता. खुद्द द ला साल ह्यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे, कीं आरंभीं हे मास्तर त्यांना आपल्या घरच्या चाकरापेक्षांही हलके वाटत, आणि त्यांच्याबरोबर राहण्याची नुसती कल्पनाही त्यांना असह्य झाली असती. असें असतांही त्यांनीं त्या मास्तरांना प्रथम आपल्या पंक्तीला बसविलें आणि १६८१ सालीं आपल्याच वाड्यांत राहावयास आणिलें. नातलग संतापले, घरीं असलेल्या भावांपैकीं कांहींना त्यांनीं तेथून काढून नेलें. तेव्हां १६८२ सालीं जॉन बाप्तिस्त स्वतःच वडिलोपार्जित वाडा सोडून मास्तरांसह एका भाड्याच्या घरांत राहावयास गेले.

खरी कसोटी पुढेंच होती. मास्तरांना उद्यांची चिंता वाटे. शाळा बंद पडल्या तर आपण काय खावें, हा त्यांचा प्रश्न. जॉन बाप्तिस्त त्यांना देवावर भरंवसा ठेवण्याचा उपदेश करीत. पण मास्तरांनीं त्यांना स्पष्टच सुनावलें, कीं ज्यांच्यापाशीं घरची संपत्ति आणि कॅनन-पदाचें उत्पन्न आहे, त्यांनीं असा उपदेश करणें सोपें आहे. हें बोल त्यांच्या जिव्हारीं लागले, कारण ते खरे होते. १६८३ सालीं त्यांनीं कॅनन-पद सोडलें, आणि तें आपल्या भावाला न देतां एका गरीब धर्मगुरूला दिलें. त्याच हिंवाळ्यांत मोठा दुष्काळ पडला. तेव्हां आपली संपत्ति त्यांनीं भुकेलेल्यांना भाकरी वाटण्यांत खर्चिली. ह्यानंतर त्यांचा उपदेश मास्तरांना जड वाटला नाहीं. कित्येक जुने मास्तर निघून गेले होते. नवे आले, ते मात्र टिकले. त्यांनीं मास्तर हें नांव टाकून बंधु हें नांव धारण केलें. हेच क्रिस्ती शाळांचे बंधु होत.

आतां त्यांच्या शाळांविषयीं थोडें सांगूं. त्या काळीं साध्या शाळांतून मास्तर एकेका मुलाला जवळ बोलावून शिकवी आणि बाकीचीं मुलें रिकामीं बसत. द ला साल ह्यांनीं मुलांचे त्यांच्या तयारीप्रमाणें वर्ग पाडले आणि सबंध वर्गाला एकदम धडा देण्याची पद्धति आपल्या सर्व शाळांतून रूढ केली. फी घ्यावयाची नाहीं, मुलांकडून भेटवस्तुही घ्यावयाची नाहीं, असा नियम घातला. शिक्षक तयार करण्यासाठीं त्यांनीं स्वतंत्र वर्ग काढले. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, पूर्वी वाचन लॅटिनमधून आरंभीत, तें त्यांनीं मुलांच्या घरच्या भाषेंत, म्हणजे फ्रेंचमध्यें, सुरू केलें. शार्त्रचे बिशप हे सेमिनरींत त्यांचे सहाध्यायी होते. त्यांनीं जुनीच रीत ठेवण्याविषयीं आग्रह धरिला. द ला साल ह्यांनीं नम्रपणें पण ठामपणें कारणें मांडलीं. गरिबाचें मूल शाळेंत थोडींच वर्षें राहतें. लॅटिनपासून आरंभ केला तर त्याला लॅटिनही येत नाहीं व फ्रेंचही येत नाहीं, आणि तें कोरेंच्या कोरें बाहेर पडतें. उलट आपल्या भाषेंत वाचतां येऊं लागलें म्हणजे दुसरी भाषाही लौकर येते.

त्यांनीं बंधूंसह शाळा चालविण्याविषयीं जो ग्रंथ तयार केला, त्यांत मुलांच्या गैरहजेरीवर सबंध प्रकरण आहे. मूल कां आलें नाहीं, ह्याचें कारण शिक्षकानें आधीं शोधावें, असा त्याचा रोख आहे. तें वाचतांना आम्हांस आमची एक चूक आठवते. नवीन गुरुदीक्षा झालेली असतांना आम्ही एका शाळेंत धर्मशिक्षणाचा तास घेत असूं. एक मुलगा नेहमीं उशिरां येई. एके दिवशीं आम्हीं त्याला सर्वांसमक्ष छडी मारिली. तो रडला नाहीं. नुसता खालीं पाहत राहिला. मागाहून समजलें, कीं तो पहाटे आईबरोबर भाजीच्या टोपल्या स्टेशनवर पोहोंचवून मग अनवाणी धांवत शाळेंत येत असे. विचारण्यास आम्हांस दोन शब्दही लागले नसते. त्याची आम्हीं क्षमा मागितली, पण ती छडी आमच्या हातांतून अद्यापि सुटलेली नाहीं.

द ला साल ह्यांचे उरलेले दिवस सुखाचे गेले असें कोणीं समजूं नये. १६८८ सालीं त्यांनीं पॅरिसमध्यें काम सुरू केलें. तेथील पैसे घेऊन शिकविणाऱ्या मास्तरांना मोफत शाळा डोळ्यांत सलूं लागल्या. त्यांनीं फिर्यादी केल्या, शाळेचें सामान जप्त करविलें. १७१२ सालीं दुसऱ्या एका खटल्यांत निकाल विरुद्ध गेला व त्यांच्या चारित्र्यावर डाग लावण्यांत आला. आपल्यामुळेंच संस्थेवर संकटें येतात, असें वाटून ते दक्षिणेकडे निघून गेले. ग्रनोब्ल येथें एका बंधूला कामासाठीं बाहेरगांवीं पाठवून त्याच्या जागीं हा ईश्वरविद्येचा डॉक्टर लहान मुलांना अक्षरें गिरवावयास शिकवूं लागला. १७१४ सालीं पॅरिसच्या बंधूंनीं त्यांना पत्र लिहिलें, आणि त्यांनीं स्वतः घेतलेल्या आज्ञाधारकपणाच्या व्रताची आठवण देऊन परत येण्याची आज्ञा केली. ज्यांना त्यांनीं आपल्या पंक्तीला बसवून घडविलें, त्यांचीच आज्ञा शिरसावंद्य मानून ते परत आले. १७१७ सालीं त्यांनीं प्रमुखपद दुसऱ्या बंधूकडे सोंपविलें, आणि ता. ७ एप्रिल १७१९ रोजीं, शुभ शुक्रवारीं, रूआँ येथें देह ठेविला. १९०० सालीं ख्रिस्तसभेनें त्यांना संतपद दिलें, आणि १९५० सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं त्यांना सर्व शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केलें.

प्रिय धर्मग्रामस्थहो, महोत्सवाच्या दिवशीं आपण देवळाच्या भिंतींना रंग देतों, तोरणें बांधतों, आणि तें योग्यच आहे. परंतु शेजारच्या शाळेकडेही एकवार पाहावें. आज मराठी वर्गांतील बांकें ओस पडत चाललीं आहेत. इंग्रजी शिकूं नये असें आम्ही म्हणत नाहीं, तें शिकावेंच. पण घरची भाषा धड न येतां परकी भाषाही धड न आलेलीं मुलें आमच्याकडे प्रार्थना म्हणावयास येतात, तेव्हां शार्त्रच्या बिशपांना दिलेलें तें उत्तर आम्हांस आठवतें. आईबापांनीं त्याचा विचार करावा. आणि जे आमचे बंधुभगिनी रोज सकाळीं खडू हातीं घेतात, त्यांना एवढेंच सांगणें आहे, कीं ज्या धंद्याची ज्यांना प्रथम लाज वाटली, त्यांनाच देवानें त्या धंद्याच्या द्वारें संतपदाला नेलें. संत जॉन बाप्तिस्त द ला साल आपल्या शाळांसाठीं, शिक्षकांसाठीं, आणि उशिरां येणाऱ्या प्रत्येक मुलासाठीं प्रभु येशूपाशीं विनंति करोत.