रिचर्ड ओवेन: 'डायनासोर' हा शब्द देणारे शास्त्रज्ञ डार्विनच्या विरोधात का गेले?

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं ते चित्र आठवतंय? माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर. बाहेरून सगळे वेगळे, पण आतल्या हाडांची मांडणी सारखीच.

उत्क्रांतीचा पुरावा म्हणून आपण ते चित्र पाठ केलं. पण या साम्याची नेमकी व्याख्या करणारे रिचर्ड ओवेन डार्विनचे कट्टर विरोधक होते.

हाडाच्या तुकड्यावरून ओळखला पक्षी

ओवेन यांचा जन्म १८०४ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टरचा. ते शल्यविशारदांच्या हाताखाली शिकले आणि पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयात रुजू झाले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एखादा प्राणी मेला की त्याचं शवविच्छेदन अनेकदा ओवेनच करायचे.

१८३९ मध्ये न्यूझीलंडहून आलेला हाडाचा एक छोटा तुकडा त्यांच्या हाती पडला. तो उडता न येणाऱ्या एका अवाढव्य पक्ष्याचा असल्याचं त्यांनी सांगितलं. काही वर्षांत आणखी हाडं मिळाली आणि ओवेन बरोबर ठरले. तो पक्षी म्हणजे नामशेष झालेला मोआ.

डायनासोरचं बारसं

तोवर इंग्लंडमध्ये तीन प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्यांचे जीवाश्म सापडले होते. त्यांच्या कमरेजवळचे मणके एकमेकांना जुळलेले आहेत, हे ओवेन यांनी हेरलं. अशा साम्यांवरून १८४२ मध्ये त्यांनी या प्राण्यांचा वेगळा गट केला आणि त्याला नाव दिलं 'डायनासोरिया', म्हणजे भयंकर सरडे.

पुरावा एकच, अर्थ दोन

१८४३ मध्ये ओवेन यांनी 'होमोलॉजी'ची व्याख्या केली: वेगवेगळ्या प्राण्यांमधला मूळचा एकच अवयव, मग त्याचं रूप आणि काम काहीही असो. पण असं का होतं? ओवेन यांच्या मते सगळ्या पृष्ठवंशी प्राण्यांमागे एक आदर्श आराखडा होता. डार्विनने १८५९ मध्ये त्याच हाडांचा साधा अर्थ लावला: या सगळ्यांचा पूर्वज एकच होता.

ओवेन यांनी नाव न देता डार्विनच्या पुस्तकावर बोचरी टीका लिहिली. माणसाच्या मेंदूतला एक भाग वानरांमध्ये नसतोच, असा दावाही त्यांनी केला. थॉमस हक्सली यांनी वानरांच्या मेंदूत तो भाग दाखवून दिला आणि ओवेन यांची जाहीर नाचक्की झाली.

शेवटी काय उरलं?

लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम स्वतंत्र इमारतीत १८८१ मध्ये सुरू झालं, ते ओवेन यांच्या अनेक वर्षांच्या पाठपुराव्यामुळे. १८९२ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज त्याच म्युझियमच्या मुख्य जिन्यावर पुतळा आहे तो डार्विनचा. आणि ओवेन यांनी ज्या साम्याला नाव दिलं, ते आपल्या पुस्तकात आहे, पण डार्विनचा पुरावा म्हणून.