धर्मानंद कोसंबी आणि मातीचं मंडल

पेठच्या आमच्या रविवारच्या धम्मवर्गात गेल्या वर्षी आमच्या हातून एक चूक झाली. मुलं थकलेली होती. कुणी भरतीत तिसऱ्यांदा नापास झालेलं, कुणाच्या घरी दारू, कुणी रात्रभर हमाली करून आलेलं. आम्ही त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि ज्याने तुमच्यावर सर्वांत जास्त माया केली त्याचा चेहरा समोर आणा म्हणालो. समाजकार्यात हा प्रकार सगळीकडे चालतो. त्याला गाईडेड इमेजरी म्हणतात. एकजण शांतपणे सांगत जातो, ऐकणारे मनात चित्र उभं करत जातात. एका मुलापुढे नुकतीच वारलेली आई आली. तो उठून बाहेर गेला आणि पुढचे तीन रविवार फिरकला नाही.

या चुकीने आम्हाला धर्मानंद कोसंबींकडे नेलं. एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना त्यांचा मुलगा दामोदर आम्ही वाचला होता. आपल्या जुन्नरची लेणी आणि नाणेघाटाची व्यापारी वाट यांचा अभ्यास करणारा तो इतिहासकार. वडील मात्र वाचायचे राहून गेले होते.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी झाला. घर सारस्वत ब्राह्मणाचं, शालेय शिक्षण तुटपुंजं. 1891 साली लग्न झालं आणि पुढे नारळाच्या बागेची देखरेख अंगावर पडली. तरुणपणी त्यांना खोल उदासी येई, कशातच मन लागत नसे. अशा काळात ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात आलेलं बुद्धाचं छोटं चरित्र त्यांच्या वाचनात आलं. नंतर गोविंद नारायण काणे यांचं बुद्धचरित्र मिळालं, तेही त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं. हे सगळं त्यांनी पुढे ‘निवेदन’ या आत्मचरित्रात लिहून ठेवलं.

त्यांना ना गुरू भेटला होता ना शिबिर. आमच्या समजुतीप्रमाणे त्या वाचनातून त्यांच्या मनात एक माणूस उभा राहिला. संकटातही न ढळणारा माणूस. खचलेल्या मनाला टेकायला ते चित्र पुरलं.

डिसेंबर 1899 मध्ये त्यांनी घर सोडलं. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी. आमच्या वर्गातल्या मुली इथेच अडतात. शोधाला निघायची मोकळीक नेहमी पुरुषालाच का, आणि त्या काळात बाळाबाईंच्या मनाला कुणी आधार दिला, असं त्या विचारतात. याचं समाधानकारक उत्तर आमच्याकडे नाही.

पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया असं अर्धपोटी भटकत 1902 साली ते सिंहलद्वीपाला पोचले. विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे पाली शिकले, श्रामणेर झाले. मग ब्रह्मदेशात गेले. परतल्यावर कलकत्त्यात पाली शिकवायचं काम मिळालं, पण त्यांना महाराष्ट्रात यायचं होतं. म्हणून त्यांनी सयाजीराव गायकवाडांची दरमहा 50 रुपयांची वृत्ती पत्करली.

1910 साली त्यांना हार्वर्डचं बोलावणं आलं. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकी पंडिताने ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाची संशोधित प्रत तयार करायला घेतली होती, पण 1899 साली तो वारला आणि काम अडलं. ते धर्मानंदांकडे आलं. मध्ये श्रेयावरून वाद झाला आणि 1912 साली ते मायदेशी परतले. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. पुढे हार्वर्डला आणखी फेऱ्या करून ते काम संपवलं. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाने!

‘विसुद्धिमग्ग’ हा बुद्धघोष आचार्यांचा पाचव्या शतकातला ग्रंथ. ध्यानासाठी त्यात 40 कर्मस्थानं सांगितली आहेत आणि त्यातली बरीच मनात चित्र धरण्याची आहेत. पृथ्वी-कसिण घ्या. अरुणाच्या रंगाची माती मळून एक वीत चार अंगुळं रुंदीचं गोल मंडल करायचं. त्यापासून अडीच हातांवर बसायचं. डोळे फार ताणायचे नाहीत, फार मिटायचेही नाहीत. बघता बघता डोळे मिटले तरी ते मंडल दिसू लागतं. हे झालं उग्गह-निमित्त. त्यात मातीवरचे ओरखडे, बोटांचे ठसेही दिसतात. सराव वाढला की दोष गळून स्वच्छ चित्र उरतं, ते पटिभाग-निमित्त. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी अंतर, माप, टप्पे असं सगळं नीट लिहून ठेवलेलं आहे. आज शहरात हजारो रुपये फी घेऊन कल्पनाचित्राच्या कार्यशाळा होतात, तिथे इतकी काळजी आम्हाला तरी दिसली नाही.

धर्मानंदांनी ही विद्या ‘समाधिमार्ग’ या पुस्तकात साध्या मराठीत मांडली. 1925 साली.

आमची चूक उमगली ती मैत्री-भावनेच्या प्रकरणात. मैत्री आधी स्वतःवर करायची, मग आदरणीय वा प्रिय व्यक्तीवर, मग तटस्थ माणसावर आणि शेवटी वैऱ्यावर. वैऱ्यापासून सुरुवात करू नये, आणि मेलेल्या माणसावर ही भावना करूच नये, असं बुद्धघोष बजावतात. एक भिक्खू आपल्या आचार्यांना मनात आणून बसला, काही केल्या ध्यान लागेना. शेवटी कळलं की आचार्य वारले आहेत. हे पान वाचलं तेव्हा आम्हाला तो मुलगा आठवला. दुःखाला आपली वाट असते, आणि आम्ही त्याला नको त्या दारातून आत ढकललं होतं.

काही कार्यकर्ते म्हणतात, डोळे मिटून काय होणार, मोर्चा काढा. त्यांनी धर्मानंदांचं पुढचं आयुष्य पाहावं. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. 1937 साली परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं ही कथा नाकारली आणि शाक्य-कोलियांच्या कलहाचं कारण पुढे आणलं. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही गृहत्यागामागे रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आहे. दोघांची मतं सगळीकडे जुळत नाहीत, जुळायचं कारणही नाही.

शेवट आम्ही लपवत नाही. आजारांनी जर्जर झाल्यावर त्यांनी अन्न सोडायचं ठरवलं. गांधीजींनी एकदा थांबवलंही. 4 जून 1947 रोजी सेवाग्रामला त्यांचं निधन झालं. जगणं नकोसं झालेली मुलं ज्या वर्गात बसतात तिथे हा प्रसंग आदर्श म्हणून सांगायचा नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. अशा मुलासाठी आमचा वर्ग पुरेसा नाही. त्याला डॉक्टरकडे न्यावं, टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक हाताशी ठेवावा.

हार्वर्डची ‘विसुद्धिमग्ग’ प्रत 1950 साली छापून आली, तेव्हा धर्मानंदांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

आता आमच्या वर्गात सुरुवातीलाच सांगतो की डोळे उघडे ठेवले तरी चालेल, मधेच उठलात तरी कुणी विचारणार नाही. कुणाचा चेहरा आणायला सांगत नाही. कुंभाराकडून माती आणतो, फळीवर मंडल लिंपतो आणि बघत बसतो. तो मुलगा परत येतो आहे. मंडल घोटायचं काम त्याने स्वतःहून घेतलं आहे, आणि आमच्यापेक्षा त्याचं जास्त गोल होतं.